हिरव्या बुधवारचे सांडगे

माझ्या नोकरीचं नाव ऐकलं की नातेवाईक ते पुन्हा म्हणायला लावतात. सप्लाय चेन रेझिलियन्स एक्झिक्युटिव्ह. गावाकडच्या चुलत्यांना मी एकदा सोपं करून सांगितलं. अवकाळी येऊ दे, अतिवृष्टी होऊ दे, उन्हाने शेतं करपू देत, शहरातल्या ताटात भाजी वेळेवर पडली पाहिजे. त्यासाठी जी माणसं कॉम्प्युटरसमोर बसतात त्यातली मी एक. चुलत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आन् शेतात ऱ्हायली पायजे म्हणून कोन बसतंय?"

मी म्हटलं, "ते वेगळं डिपार्टमेंट आहे, काका."

आमचं ऑफिस तुर्भ्याला, भाजी मार्केटच्या पाठीमागे, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या वडिलांनी ज्या मार्केटात आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या त्याच मार्केटची छपरं मला माझ्या खुर्चीतून दिसतात. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. डिग्री लॅमिनेट करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली आहे, म्हणजे बातम्या बघताना पाहुण्यांची नजर चुकायला नको. कुणाला दिखावा वाटला तर वाटो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या डिग्र्या आहेत त्यांनी त्या कपाटात ठेवाव्यात. आमच्याकडे एकच आहे, ती भिंतीवरच राहणार.

तर आमची कंपनी. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या ऑफिसांच्या कँटीनना आम्ही भाजी पुरवतो, आणि भाजीबरोबर एक स्टिकर. स्टिकरवरचा चौकोन मोबाइलने स्कॅन केला की ही जुडी कुठल्या तालुक्यात उगवली ते कळतं. जेवणाऱ्याला त्याचं काय करायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. पण स्टिकर नसलेली ताजी भाजी मोठ्या ऑफिसांच्या गेटमधून आत जात नाही, एवढं खरं.

आमचे साहेब चांगल्या घरचे, चांगल्या कॉलेजातले आणि हवामानबदलाबद्दल एसीत बसून मनापासून हळहळणारे. पावसाने एकदोनदा माल अडकवला तेव्हा त्यांनी योजना काढली. प्रत्येक भाजीला तीन पुरवठादार, तीन वेगळ्या जिल्ह्यांतले. एकीकडे पाऊस झाला तर दुसरीकडून माल घ्यायचा, दुसरीकडे झाला तर तिसरीकडून. तिन्हीकडे एकदम पाऊस पडत नाही, असं साहेबांचं गणित. हे पावसाला कळवायचं तेवढं राहून गेलं. महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर नाशिक, पुणे, सातारा असे तीन हिरवे ठिपके, तीन बाण, आणि तिन्ही बाणांची टोकं तुर्भ्यात. कल्पना साहेबांची, ठिपक्यांचा रंग माझा. ज्यांनी कंपनीत पैसे घातलेत त्या मंडळींनी ते बघून उभं राहून टाळ्या वाजवल्या. तोपर्यंत एकही जुडी जागची हलली नव्हती.

आणि या बाणांच्या पुढे, जिथे नकाशा संपतो तिथे, माझी वहिनी होती.

कोपरखैरण्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन वहिनी आणि तिच्या बचत गटातल्या आणखी चार बायका स्वयंपाक करतात. ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला दुपारचं जेवण त्यांचं जातं, भाजी आमच्याकडून. पाच घरं त्या एका काँट्रॅक्टवर उभी आहेत. एकीचा नवरा कंपनी बंद पडल्यापासून घरी बसलाय, एकीची मुलगी नर्सिंगला आहे, आणि माझा भाऊ रिक्षा चालवतो म्हणजे नेमकं काय करतो ते वहिनीलाच माहीत. काँट्रॅक्टमध्ये मेनू वारांप्रमाणे ठरलेला. बुधवार हिरवा. म्हणजे पालक नाही तर मेथी, बारा महिने. मेनू बदलायचा तर पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं. थोडक्यात, पाऊस कधी कोसळणार ते वहिनीला पंधरा दिवस आधी कळलं पाहिजे. वेधशाळेला नाही कळलं तरी चालेल. आणि तीनदा मेनू चुकला की काँट्रॅक्ट रद्द. पावसाळ्यात एकदा मेथीऐवजी कोबी गेला होता, एकदा टोमॅटोचं सार टोमॅटोशिवाय झालं होतं. दोन चुका भरल्या होत्या. दिवाळीला काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं.

ऑक्टोबरात पाऊस परत गेल्याचं टीव्हीवर सांगून झालं, आणि त्याने तिथूनच यू-टर्न मारला. घाटावर रोज धो धो. आमच्या ॲपने पिवळी छत्री दाखवली: 'मध्यम जोखीम'. मंगळवारी दुपारी ॲपने आपणहून पालकाची ऑर्डर नाशिकवरून पुण्याला वळवली आणि जरा वेळाने पुण्यावरून साताऱ्याला. साहेब केबिनमधून बाहेर आले. "बघितलंस? सिस्टिम स्वतः विचार करतेय."

तेवढ्यात वहिनीचा फोन.

"ताई, उद्याचा पालक येनार का नाय ते सांगा. नसंल येत तर आत्ताच रडून घेते, सकाळी टाइम नसतो."

"वहिनी, तीन जिल्ह्यांतून येतोय. टेन्शन घेऊ नकोस."

"तीन जिल्हे काय करू? मला एक टेम्पो पाठवा."

संध्याकाळ झाली तरी माल भरल्याचा मेसेज कुणाचाच नाही. मी नाशिकच्या पुरवठादाराला फोन लावला.

"निघालाय मॅडम माल. कसाऱ्याच्या घाटात आहे."

त्याच्यामागे कुणीतरी जोरात ओरडत होतं, "अय, हातगाडी काढ ना मधनं! तुझ्या बापाचा रस्ता हाय का?"

मी पुण्याच्या पुरवठादाराला लावला. तो म्हणाला, "मॅडम, मी शेतातच उभा आहे. कापणी चालू आहे." मागून आवाज आला, "बापावर जायचं नाय, सांगून ठेवतो!"

साताऱ्याच्या पुरवठादाराने फोन उचलला, पण त्याने हॅलो म्हणायच्या आत मला ऐकू आलं, "गेलो बापावर. काय करशील?"

मी खिडकीतून खाली बघितलं. पालेभाज्यांच्या गाळ्यांसमोर एक हातगाडी आडवी अडकली होती आणि दोघं जण एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते. मी चप्पल घातली आणि खाली गेले.

तिघेही एकाच गाळ्यात होते. उलट्या केलेल्या क्रेटवर ओळीने बसून चहा पीत होते. नाशिक, पुणे, सातारा, नकाशात असतात अगदी त्याच क्रमाने. त्यांच्या पायाशी पालकाचा ढीग होता. पालक म्हणायचं ते सवयीने. काळपट, चिकट लगदा, त्यावर सुतळ्या तेवढ्या शाबूत, आणि डबक्यासारखा वास.

"माल घाटात आहे ना?" मी नाशिकला विचारलं.

"होता की, मॅडम. आता पोचला. हा काय," म्हणून त्याने पायाने ढीग दाखवला.

"आणि तुम्ही शेतात उभे होतात."

पुणे जराही लाजला नाही. "शेतात गुडघाभर पाणी आहे, मॅडम. उभा राहिलो असतो तर तुम्हाला पालक मिळाला असता का?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. मार्केटातली ही जुनी रीत. आपला माल कमी पडला तर शेजारच्या गाळ्यावरून हातउसना घ्यायचा, आणि आपला आला की जुडीला जुडी परत करायची. लिखापढी नाही, नकार नाही. वडिलांच्या तोंडून हे मी शंभरदा ऐकलेलं. गोम एवढीच होती की आमच्या साहेबांनी शेजारच्या गाळ्यांनाच वेगवेगळे जिल्हे समजून करार केले होते. नाशिकने हो म्हटलं होतं ते पुण्याकडून घेता येईल म्हणून. पुण्याने साताऱ्याकडून.

"आणि तुम्ही?" मी साताऱ्याला विचारलं.

त्याने नाशिककडे बोट केलं. "ह्यांचं कधी चुकत नाय, मॅडम. म्हणून आमी निवांत."

नाशिकने चहात बघितलं.

"आता एवढं काय त्यात," सातारा म्हणाला. "दुधी न्या की. दुधी एक नंबर आलाय. लाल भोपळा न्या, सुरण न्या."

खरंच होतं ते. मागच्या गाळ्यांत दुधीचे डोंगर होते. शहर काही उपाशी मरत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या बुधवार आहे. हिरवीच भाजी पाहिजे."

"मग दुधी काय निळा असतो?" पुण्याने विचारलं.

काँट्रॅक्टमध्ये हिरवी म्हणजे पालेभाजी. ऐरोलीच्या त्या ऑफिसात मागे एकदा मेनूप्रमाणेच दुधी गेला होता, तर पातेली जशीच्या तशी परत आली होती. दिवसभर जगभरच्या बँका सांभाळणारी माणसं. ताटात दुधी दिसला की त्यांना आई आठवते आणि ती खाली जाऊन बर्गर खातात.

वर येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तिघेही एकाच जागी उपलब्ध असतात?"

"हो."

"मग आपण याला हब म्हणू शकतो."

"साहेब, हबमध्ये पालक नाही."

"ते ऑपरेशन्स झालं. मी स्ट्रॅटेजी बोलतोय."

मी बॅग उचलली आणि रिक्षा पकडून सरळ कोपरखैरण्याला गेले. ही बातमी फोनवर सांगण्याची नव्हती. म्हणजे होती, पण वहिनी फोनवर जे बोलली असती ते मला ऐकवलं नसतं.

पाचही जणी कणीक मळायच्या परातीभोवती बसल्या होत्या. मी सांगितलं. वहिनीने लगेच तोंड सोडलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"दुधी पाठवू का? स्टिकर लावून?" मी विचारलं.

"मागच्या टायमाला परत आलेला दुधी आमीच खाल्लाय, ताई. चार दिवस. तुमच्या भावानं रिक्षातल्या पॅसेंजरला वाटला असता तर त्यांनीबी नसता घेतला."

सारसोळ्याहून येणारी बाई म्हणाली, "माझे घरान सुकट हाय. आनू का? सगले बोटा चाटतील."

"शाकाहारी कँटीन आहे, मावशी," मी म्हटलं.

"मंग त्यांना पालकच खाऊं दे," ती म्हणाली आणि कणकेकडे वळली.

वहिनी उठली आणि घरी जाऊन स्टीलचा मोठा डबा घेऊन आली. सांडगे. वर्षाचे. मे महिन्यात वस्तीतल्या विहाराच्या गच्चीवर साडी अंथरून घातलेले. इथे कुणाला आजीच्या काळातलं शहाणपण वगैरे आठवणार असेल तर सांगून ठेवते, मे महिन्यातच पाऊस आला होता आणि निम्म्या सांडग्यांना बुरशी लागून ते कचऱ्यात गेले होते. आमच्या ॲपकडे निदान पिवळी छत्री तरी आहे. गच्चीवर तीही नव्हती. उरले ते या डब्यात.

"तिसरी चूक धरनारच हायेत," वहिनी म्हणाली. "काँट्रॅक्ट जायचंच असंल तर लोकं जेवून उठू देत. उपाशी ठेवून कशाला जायचं?"

मग बाकीच्यांनी आपापले डबे आणले. वर्षभर घरी पुरावं म्हणून ठेवलेलं सगळं तिथे रिकामं झालं. डबा उलटा करून तळाला चापट मारताना प्रत्येकीचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यात अडचण अशी की पाच घरं, पाच तऱ्हा. वहिनीचे मटकीचे, नाकातून पाणी काढणारे. साताऱ्याकडच्या बाईंचे हरभऱ्याच्या डाळीचे, गोटीएवढे. रत्नागिरीच्या बाईंनी आणले ते कोहळ्याचे, जे रश्शात घालतच नाहीत, तळून खातात.

"हे सांडगे नाहीतच मुळी," साताऱ्याच्या बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे ह्यांनाच म्हणतात. तुमचे ते तर लाडू आहेत," रत्नागिरी म्हणाली.

कोहळ्याचे तळून वर चुरायचे ठरले, बाकीचे तेलावर परतून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात एकत्र. सकाळी पातेलं उकळायला लागलं तेव्हा निम्मे मऊ झाले होते आणि निम्मे चमच्याला वाजत होते. आता कोण कुणाची वाट बघणार? टेम्पो भरला.

मी हाफ डे टाकून बरोबर गेले. ऐरोलीच्या गेटवर वॉचमनने झाकण उघडलं आणि स्टिकर शोधायला लागला.

"सुकी चीज आहे, सुक्याला स्टिकर लागत नाही," मी म्हटलं. नियम मला पाठ होते. निम्मे मीच टाइप केले होते.

"कौन से जिले का है?" त्याने तरी विचारलं.

"आमच्या गच्चीचं हाय," वहिनी म्हणाली, आणि आम्ही आत गेलो.

कँटीनचं सगळं ॲडमिन मॅडमच्या हातात. नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या, आणि नियमाच्या बाबतीत एकदम पक्क्या. त्यांनी झाकण उचललं. "हे हिरवं नाही."

"नाय," वहिनी म्हणाली.

"मेनू मिसमॅच. थर्ड." त्यांनी मोबाइलवर टाइप केलं. वहिनीने पदराने कपाळ पुसलं आणि डाव हातात घेतला.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघी काउंटरच्या मागे उभ्या राहून लोकांचे जबडे बघत होतो. एकाने हे सोया आहे का म्हणून विचारलं. एकाने दाताखाली आलेला सांडगा बाहेर काढून रुमालावर ठेवला आणि त्याचा फोटो काढला. पण रांग संपेना. लातूरकडचा एक मुलगा तिसऱ्यांदा आला तेव्हा वहिनीने त्याला सुनावलं, "बाकीच्यांना राहू दे की रे, तुझ्या लग्नाची पंगत हाय का?" पालकाच्या दिवशी तळाला उरतं तसं काही उरलं नाही.

त्या दिवशी त्यांच्या हेड ऑफिसचे कुणी मोठे गृहस्थ आले होते. त्यांनी दोनदा घेतलं आणि मॅडमना विचारलं की हे काय आहे. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"सर, आमचा क्लायमेट रेझिलियंट मेनू. लोकल, सन-ड्राइड, झीरो वेस्ट."

मी इतकी वर्षं हे शब्द पगारासाठी वापरते, पण इतक्या सफाईने मलाही जमलं नसतं. हेड ऑफिसवाले खूश झाले. तिसरी चूक मॅडमच्या मोबाइलमधून कुठे गेली ते कुणीच विचारलं नाही. आठवड्याभरात लॉबीत पोस्टर लागलं. त्यावर हिरवी पानं होती.

आणि मग दिवाळीच्या आधी नवं काँट्रॅक्ट आलं. वहिनीने मला बरोबर नेलं, कारण ते इंग्रजीत होतं. सोमवार तोच, मंगळवार तोच. बुधवार: सांडगे. वर्षभर, दर बुधवारी. बदल चालणार नाही; तीनदा चुकलं की रद्द.

मी वाचून दाखवलं. वहिनी खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली. "मॅडम, पाच घरातले डबे घासूनपुसून रिकामे झालेत. एकदाचं जेवन होतं ते."

"मग नवीन बनवा ना."

"बनवते. जुलैत वाळवू कुठं? तुमच्या सर्व्हर रूममध्ये?"

"ते तुमचं सोर्सिंग आहे, काकू." मॅडमचा आवाज वाईट नव्हता. त्यांनाही वरून कुणीतरी पोस्टर दाखवून विचारणार होतं. डबे रिकामे झाल्याचं मी आमच्या साहेबांना आधीच बोलले होते, तर त्यांनी सांडग्यांचे तीन पुरवठादार शोधायला सांगितले होते. तीन जिल्ह्यांतले.

"असं लिहा," वहिनी म्हणाली, "बुधवारी मार्केटात जे चांगलं आलं असंल ते. पालक आला तर पालक. नाय तर वाल, नाय तर भोपळा. काय नसंल तर सांडगे. लोकं जेवून उठतील, माझी जबाबदारी."

मला तेव्हा वाटलं की ज्या कामासाठी मला पगार मिळतो ते काम हेच आहे, आणि ते या बाईने एका श्वासात सांगितलं. पालक नेला तो पावसाने, पण वहिनीचं काँट्रॅक्ट नेणार होता तो मेनू.

मॅडमनी मान हलवली. "'जे आलं असेल ते' असं काँट्रॅक्टमध्ये लिहिता येत नाही. लीगल परत पाठवेल."

वहिनीने कागद पुढे ओढला. पेन तिच्यासमोर होतं. सही केली तर जुलैपर्यंत काँट्रॅक्ट, नाही केली तर दिवाळीपर्यंत. तिने पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, "थांब." कागद आणि पेन माझ्याकडे ओढलं, 'सांडगे' खोडलं आणि वर लिहिलं, 'शेफ्स सीझनल सिलेक्शन.' माझं अक्षर चांगलं आहे.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. "हे छान आहे. हे आधी का नाही सांगितलं?"

"आत्ताच तर सांगितलं त्यांनी," मी म्हटलं.

मॅडमनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि पुढे गेल्या. 'बदल चालणार नाही' ही ओळ तशीच राहिली. पण आता बदलायचं म्हटलं तरी काय बदलणार? वहिनीने सही केली. एकेक अक्षर सुटं, ठळक. बसस्टॉपवर आल्यावर तिने विचारलं, "ताई, शेफ म्हंजी मीच ना?"

"तूच. तुम्ही पाचजणी."

तिने लगेच खोलीवर फोन लावला, स्पीकरवर. "काँट्रॅक्ट झालं गं! आणि ऐका, बुधवारी काय करायचं ते आता आपन ठरवायचं."

पलीकडे आधी ओरडाआरडा झाला, आनंदाचा. मग साताऱ्याच्या बाई म्हणाल्या, पिठलं. रत्नागिरी म्हणाली, पिठलं काय ऑफिसात देतात, काळ्या वाटाण्याचं सांबारं करू. सारसोळ्याची बाई काहीतरी म्हणाली त्यात सुकट हा शब्द स्पष्ट ऐकू आला. दोघी एकदम बोलायला लागल्या, मग चौघी. बस आली, आम्ही चढलो, बसायला जागा मिळाली, तरी फोनमधून भोपळ्यात गूळ घालायचा की नाही ते चालूच होतं.

वहिनीने फोन बंद करून मांडीवर ठेवला.

"मेनूकार्ड बरं होतं, ताई," ती म्हणाली. "निदान भांडनं नव्हती."